रुंद केल्यावरही कलंडली: डिचोलीतल्या एका रिकम्बंट ट्राइकचं प्रकरण

गोव्यातल्या डिचोलीतले एक निवृत्त शिक्षक. वय साठीच्या पुढे, वजन ७४ किलो, नोकरीभर सायकलने शाळेत जाणारे. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला आजार झाला आणि त्यांची दुचाकी सुटली. एरवी चालता-फिरताना फारसं जाणवत नाही, पण सायकलवर मान वळवून मागे पाहिलं की भोवंडतं. व्यायाम मात्र थांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग मुलाने त्यांना रिकम्बंट ट्राइक दाखवली: पाय पुढे पसरून, पाठ टेकून, जमिनीलगत बसून चालवायची तीनचाकी. इंग्लंडची आइस, जर्मनीची एचपी व्हेलोटेक्निक, अमेरिकेची कॅट्राइक या नावाजलेल्या कंपन्या, पण त्यांची ट्राइक मागवायची तर आयातकर धरून खर्च आवाक्याबाहेर जातो. सरांनी फोटो दाखवून एका स्थानिक फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून ती करून घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक. या मांडणीला टॅडपोल म्हणतात. एक चाक पुढे आणि दोन मागे असली की ती डेल्टा.

सुरुवातीच्याच काही फेऱ्यांत एका वळणावर आतलं चाक जमिनीवरून उचललं. वर्कशॉपने त्यावर जो उपाय केला तो कुणालाही पहिल्यांदा सुचेल असाच होता. पुढच्या दोन चाकांतलं अंतर ७६ सेंटिमीटर होतं, ते ८६ केलं. पुढे पावसाळा सरल्यावर मयेच्या एका उतारावर, कोरड्या रस्त्यावर, उजव्या वळणात ट्राइक डावीकडे कलंडली. सरांचं मनगट मुरगळलं, खांदा सोलवटला. मागून खाणीचा ट्रक किंवा बस येत नव्हती, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

ट्राइक टेम्पोत घालून ते माझ्या म्हापशातल्या मशीन शॉपवर आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रुंद केल्यापासून उलट जास्त भीती वाटायची. हे माझ्या डोक्याचं आहे की गाडीचं, तेवढं सांग."

गाडीचंच होतं. कसं, ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण गोव्यात आणि कोकणात अशा ट्राइक आता इथेतिथे बनू लागल्या आहेत. तोल गेलेल्या, गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या, अर्धांगातून सावरणाऱ्या माणसांना या गाडीमुळे रस्ता परत मिळतो. ती चुकीची बांधली गेली की माणूस एकदा पडतो आणि मग कायमचा घरात बसतो. दुसरं मला जास्त लागतं.

(हे नवं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी: फ्रान्सिस फॉरने शार्ल मोशेच्या व्हेलोकारवर, म्हणजे पाठ टेकून चालवायच्या दुचाकीवर, १९३३ साली पॅरिसमध्ये तासाला ४५.०५५ किलोमीटरचा विक्रम केला होता. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने अशा सायकली अधिकृत शर्यतींतून बाद केल्या. पुढची कित्येक दशकं ही सायकल मागे पडली, त्यात या निर्णयाचा मोठा हात आहे.)

आधी वळण मोजलं

गाडीला हात लावण्याआधी आम्ही त्या वळणावर गेलो. रस्त्याच्या बाहेरच्या कडेवर दोन टोकं धरून १० मीटरचा दोर ताणला. दोराच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर भरलं ९६ सेंटिमीटर. यावरून कडेची त्रिज्या निघते साडेतेरा मीटर. सर कडेपासून सुमारे मीटरभर आत होते, म्हणजे त्यांच्या वाटेची त्रिज्या साडेबारा मीटर.

मग गवंड्याची लेव्हल आणि मीटरपट्टी आडवी लावली. रस्ता मधोमध फुगलेला आणि कडेला उतरता, आपल्याकडे पाणी वाहून जाण्यासाठी असतो तसा. मीटरमागे ६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास साडेतीन अंशांचा उतार डावीकडे. आपण डावीकडून गाडी चालवतो. डाव्या वळणात हा उतार आपल्याला आत ढकलतो आणि मदत करतो, तोच उजव्या वळणात बाहेर ढकलतो. आतलं चाक पहिल्यांदा उचललं तेही वळण उजवंच होतं, हे सरांना विचारल्यावर आठवलं.

वेग किती होता? फोनमधल्या अ‍ॅपने त्या फेरीची नोंद ठेवली होती. वळणाच्या तोंडाशी ताशी २२ किलोमीटर. फोन एखाद्या किलोमीटरने चुकतो हे धरलं तरी हा वेग काही बेफाम नव्हे. उतारावर पाय न मारताही सायकल एवढी धावते.

मग गाडी तोलली

घरी वजन करायचे तीन काटे एका पातळीत ठेवले, तिन्ही चाकं त्यांवर चढवली आणि सरांना नेहमीसारखं बसवलं. डावं चाक २५, उजवं २६, मागचं ५० किलो. एकूण १०१.

सगळं प्रकरण या तीन आकड्यांत आहे. निम्मं वजन मागच्या चाकावर होतं.

तीन चाकं जमिनीला तीन ठिकाणी टेकतात, ते एक त्रिकोण झालं. गाडी वळणात कलंडते ती पुढच्या बाहेरच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या तिरक्या रेषेवरून. पुढच्या दोन चाकांना जोडणारी ओळ हा या त्रिकोणाचा सर्वांत रुंद भाग आणि मागचं चाक हे त्याचं टोक. माणूस जितका मागे बसेल तितकी त्याच्या खालची रुंदी कमी. गुरुत्वमध्य अगदी पुढच्या चाकांच्या ओळीत असता तर त्याच्या बाजूला ४३ सेंटिमीटर मिळाले असते. निम्मं वजन मागे असल्यामुळे प्रत्यक्षात मिळाले २१.७.

आता वर्कशॉपच्या उपायाचा हिशोब करू. चाकं एकमेकांपासून १० सेंटिमीटर दूर नेली, म्हणजे प्रत्येक बाजूला ५. गुरुत्वमध्यापाशी त्यातले पोचले जेमतेम अडीच. बाकीची रुंदी पुढे, पायांखाली, जिथे तिचा काही उपयोग नव्हता तिथे राहिली. त्याउलट चाकं ७६ वरच ठेवून आसन १५ सेंटिमीटर पुढे नेलं असतं, तर त्याच पाइपात, त्याच उंचीवर, जास्त स्थिरता हाती आली असती. फोटोवरून ट्राइक बांधताना चाकांतलं अंतर दिसतं, वजन कुठे पडतं ते दिसत नाही. त्यामुळे ही गफलत फार ठिकाणी होते.

प्लायवूड, जॅक आणि चिरे

स्थिरता मोजायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे गाडी कलवून पाहणं. जाड प्लायवूडवर ट्राइक उभी केली, खालच्या बाजूची चाकं घसरू नयेत म्हणून पट्टी ठोकली, ब्रेक बांधले. वरच्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली कागद सरकवला. सरांना बसवायचं नव्हतं, म्हणून त्यांच्याच वजनाचा आणि उंचीचा माझा भाचा पट्ट्याने बांधून बसवला आणि खालच्या अंगाला दोन माणसं हात देऊन उभी राहिली. मग प्लायची एक कड गाडीच्या जॅकने उचलत न्यायची आणि खाली चिरे रचत जायचं. कागद सहज ओढून निघाला की वरच्या चाकावर भार उरला नाही असं समजायचं. तो कोन नोंदवायचा.

कोन आला साडेबावीस अंश. यावरून गुरुत्वमध्याची उंची निघाली ५२ सेंटिमीटरच्या आसपास. आसन ३८ सेंटिमीटरवर होतं, त्याला ती जुळते. त्या वळणावरचा बाहेरचा उतार वजा केला तर उरतात १९ अंश, आणि साडेबारा मीटर त्रिज्येला त्याचा अर्थ होतो ताशी सव्वातेवीस-साडेतेवीस किलोमीटर. म्हणजे २२ ला ही ट्राइक कलंडायला नको होती. काठावर असती, पण सावरली असती.

हा फरक फोनच्या चुकीत टाकून मोकळं होता आलं असतं. पण सर पहिल्याच दिवशी एक गोष्ट बोलून गेले होते: "वळणात मी खुर्चीतून निसटतो रे, हँडल धरून बसावं लागतं." आसन म्हणजे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची होती, गुळगुळीत आणि बाजूंना आधार नसलेली.

भाच्याचा पट्टा सोडला, अंग सैल ठेवायला सांगितलं आणि पुन्हा तेच केलं. या वेळी कागद १९ अंशांनाच निघाला. अंग खालच्या बाजूला ५ सेंटिमीटर सरकलं होतं. ७४ किलोचा माणूस १०१ किलोच्या एकूण वजनात ५ सेंटिमीटर सरकला, तर गुरुत्वमध्य पावणेचार सेंटिमीटर सरकतो. होते पावणेबावीस, त्यातले पावणेचार गेले. त्या वळणावर मर्यादा उतरली ताशी २१ वर. सर होते २२ वर.

एका खुर्चीने साडेतीन अंश खाल्ले. वर्कशॉपने फ्रेम कापून, चाकं लांब नेऊन जे कमावलं होतं, त्याहून हे जास्त. शिवाय घसरणारा माणूस सावरायला हँडल धरतो. या ट्राइकचं हँडल आसनाच्या दोन्ही बाजूंना, थेट पुढच्या चाकांना जोडलेलं होतं. त्यावर अंगाचा भार आला की तो भार स्टिअरिंगमध्ये जातो आणि नको त्या क्षणी चाकं वळतात. सरांना रुंद केल्यावर जास्त भीती का वाटायची, त्याचं निम्मं उत्तर इथे मिळालं. रुंद ट्राइकवर ते थोडे जास्त वेगाने वळायला लागले होते आणि खुर्ची तीच होती.

उरलेलं निम्मं उत्तर बांधणीत

कलवलेल्या स्थितीतच खालच्या पुढच्या चाकाजवळ ओळंबा धरला. फ्रेमच्या मानाने चाक किती कललं ते पाहायचं होतं. रिमचा वरचा आणि खालचा भाग यांत १७ मिलिमीटरचा फरक. म्हणजे भार आल्यावर चाक फ्रेमशी प्रामाणिक राहतच नव्हतं.

चाक काढलं. त्याचा एक्सल म्हणजे १० मिलिमीटरचा साधा बोल्ट, आणि तो डोळ्यांना दिसण्याइतका वाकलेला. साध्या सायकलमध्ये एक्सलला दोन्ही टोकांना फोर्कचा आधार असतो. टॅडपोलच्या पुढच्या चाकाला एकाच बाजूने आधार असतो, त्यामुळे खड्ड्यातला प्रत्येक दणका एक्सलला वाकवायला बघतो. डिचोली-साखळी भागातल्या रस्त्यांवर हे दणके किती असतात ते वेगळं सांगायला नको. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १० चा १५ मिलिमीटर केला तर ती सव्वातीन पटींहून जास्त होते, आणि वजन काही ग्रॅमच वाढतं. हबच्या बेअरिंगमध्येही खेळ होता. १७ मिलिमीटरपैकी बराचसा भाग या दोन गोष्टींचा होता.

मग आडवी दांडी. ही दांडी पुढची दोन्ही चाकं पेलते, मधल्या मुख्य पाइपला जोडलेली असते. इथे सव्वा इंची, २ मिलिमीटर जाडीचा पाइप होता आणि चाकं लांब नेताना त्यालाच आत सळी घालून, जोड देऊन लांब केलेलं. मधल्या जोडापासून चाकापर्यंतची लांबी ३८ ची ४३ सेंटिमीटर झाली. दांडीचं झुकणं लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे तेवढ्याच भाराला ती आता जवळजवळ दीडपट झुकत होती. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला बसल्यासारखी वाटते ती यामुळे. आसनावरच्या माणसाला, त्यातही ज्याच्या कानातला तोल आधीच बिघडला आहे अशा माणसाला, हे डोलणं लगेच कळतं. सरांच्या भीतीचं हे उरलेलं उत्तर.

दांडी वर झुकते तेव्हा ताण खालच्या बाजूला येतो. म्हणून ट्राइक उलटी केली, मधल्या जोडाखालची लाल माती धुतली आणि रंग खरवडला. वेल्डिंगच्या टाक्याच्या शेवटाला केसाएवढी रेघ होती. लाल डाय लावून पुसली आणि वर पांढरी डेव्हलपर पावडर मारली, तर रेघेतून लाल रंग दोन सेंटिमीटर उमटला. तडा. त्या दिवशी ट्राइक कलंडायला हा तडा कारण नव्हता. पण ती कलंडली नसती तर चतुर्थीच्या आसपास कधीतरी उतारावर ही दांडी तुटली असती, असं मी सरांना स्पष्ट सांगितलं.

वेल्डिंग करणारे मेस्त अनाडी नव्हते. त्यांचा हात मांडवीतल्या बार्जवर तयार झालेला. तिथल्या प्लेटी जाड, करंट जास्त, भरणा भरपूर, आणि ते काम वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकतं. तोच हात २ मिलिमीटरच्या पाइपवर आला की पाइपची कड जळून चर पडते, त्याला अंडरकट म्हणतात. शिवाय मजबुती म्हणून त्यांनी जोडाखाली ६ मिलिमीटरची त्रिकोणी पट्टी ठोकली होती आणि तिचं टोक पाइपवर आडवं संपवलं होतं. जाड पट्टी जिथे एकदम संपते तिथे पातळ पाइपवर ताण एकवटतो. तडा नेमका तिथूनच निघाला होता. मजबुतीसाठी लावलेल्या पट्टीनेच पाइप कापायला घेतला होता. मेस्तांना बोलावून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ खाली बसून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी टोक निमुळतं करू आणि टिगने मारू." टिग म्हणजे पातळ पाइपांना चालणारं बारीक वेल्डिंग.

मागचं चाक २६ इंची, चांगलंच आऊट झालेलं. सायकल वळणात कलते, त्यामुळे तिच्या चाकावर भार सरळ पडतो. ट्राइक कलत नाही, चाकाला आडवा भार सोसावा लागतो आणि मोठ्या चाकाचे स्पोक तो नीट सोसत नाहीत. यात इतर कुठली भानगड नव्हती. आऊट काढून काही उपयोग नव्हता, चाकच लहान करायला हवं होतं.

स्टिअरिंग

पुढची चाकं पुढे उघडी होती: रिमच्या मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडांतलं अंतर ९ मिलिमीटर जास्त. अशी चाकं सतत रस्ता घासत चालतात. नवे टायर इतक्या लवकर का गेले, याचं सरांना नवल वाटायचं. दोन्ही चाकांना एकत्र वळवणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, टोकांत खेळ होता. आणि चाकांना वळवणारे दोन्ही हात एकमेकांना समांतर होते. वळणात आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. त्यासाठी या हातांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या चाकाच्या मध्याशी मिळाव्या लागतात. अॅकरमनची ही जुनी रचना मोटारींतही असते. ती नसली की अरुंद वळणात एक चाक ओढलं जातं आणि गाडी धक्के देत वळते.

काय बदललं

आसन १५ सेंटिमीटर पुढे. पेडल धरणारा पुढचा पाइप, म्हणजे बूमही, त्याच प्रमाणात पुढे, कारण पाय तेवढेच लांब. प्लास्टिकच्या खुर्चीऐवजी पाइपच्या चौकटीवर ताणलेली जाळी, मांड्या आणि कंबरेजवळ दोन्ही कडा वर उचललेल्या. माणूस त्यात रुतून बसतो आणि वळणात निसटत नाही.

आसनाच्या उंचीवर आमचं जमेना. मला २७ सेंटिमीटर हवं होतं. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, सुरुवातीपासून आसन उंच ठेवायला लावलं होतं आणि त्यांचं कारण खरं होतं: "एवढ्या खाली बसले तर उठणार कसे? आणि ट्रकवाल्याला दिसणार कसे?" दोन्ही प्रश्न रास्त. शेवटी ३० वर ठरलं. उठण्यासाठी आसनाच्या दोन्ही बाजूंना पक्के दांडे वेल्ड केले, त्यांवर तळहात टेकून सर गुडघ्यांवर भार न टाकता उभे राहतात. दिसण्यासाठी मागे उंच काठीवर केशरी झेंडा आणि दिवसाही चालू राहणारा मागचा दिवा. ३ सेंटिमीटरची स्थिरता सोडली, पण गाडी रोज बाहेर निघेल याची खात्री झाली. मला हा सौदा बरोबर वाटतो.

आडवी दांडी नवी केली: पावणेदोन इंची, १.६ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पाइप. वजन जुन्यापेक्षा फुटामागे साधारण १५ टक्के जास्त, पण कडकपणा २.४ पट. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) पाइप मागवू का, असं सरांच्या मुलाने विचारलं होतं. क्रोमोली जास्त ताण सोसतं हे खरं, पण त्याच मापाच्या पाइपचं झुकणं साध्या पोलादाइतकंच राहतं, कारण दोन्हींची लवचिकता सारखी असते. झुकणं कमी करायचं असेल तर व्यास वाढवावा लागतो. ते पैसे आम्ही हबवर घातले: माउंटन बाइकला येतात ते १५ मिलिमीटर एक्सलचे डिस्क हब. एक्सल ईएन-८ पोलादाचा, लेथवर काढलेला.

चाकांतलं अंतर ८६ वरून ८० वर आणलं. हे ऐकून सर दचकले. पण त्यांच्या अंगणाच्या फाटकातून ८६ ची ट्राइक टायर घासतच निघायची, आणि दांडी आखूड झाली की झुकणंही घटतं. मागचं चाक २० इंची, पुढच्यांसारखंच. ट्यूब आणि टायर आता तिन्हींना एकच. गिअर आपोआप हलके झाले, मयेचा चढ त्यांना आता उतरून ढकलावा लागत नाही.

पेडलला टाचेचे पट्टे लावले. यावर मी हटून बसलो. टॅडपोलमध्ये धावताना पाय पेडलवरून निसटून रस्त्याला टेकला तर ट्राइक पुढे जाते आणि पाय आडव्या दांडीखाली ओढला जातो. स्पीडब्रेकरवर हे सहज होऊ शकतं. पाय मोडण्याचा हा प्रकार कलंडण्याहून वाईट.

पुन्हा काट्यावर आणि प्लायवर

पुढे दोन्ही चाकांवर मिळून ६०, मागे ३८ किलो. एकूण ९८. जाड पट्ट्या गेल्या, लहान चाक आलं, तीन किलो घटले. पुढच्या चाकांवर आता ६१ टक्के भार. चाकांतलं अंतर ६ सेंटिमीटरने कमी असूनही गुरुत्वमध्याच्या बाजूला आता साडेचोवीस सेंटिमीटर आहेत, आधी पावणेबावीस होते. प्लायवर कागद निघाला २८ अंशांच्या जरा अलीकडे. भाच्याला पट्टा सोडून, अंग सैल ठेवून बसवलं तरी फरक अर्ध्या अंशाहून कमी. रिमचा फरक १७ वरून ५ मिलिमीटरवर.

त्या वळणावर याचा अर्थ काय, तर मर्यादा ताशी २१ वरून २६ च्या पुढे गेली. आकडा ऐकून सरांचा चेहरा थोडा उतरला, एवढं सगळं करून पाचच? वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारं बल चौपट होतं, म्हणून स्थिरता बरीच वाढवली तरी वेगाची मर्यादा थोडीच सरकते. बघायचं ते दुसरीकडे. ताशी २० ने त्या वळणात शिरलं तर जुनी ट्राइक, सरकणाऱ्या खुर्चीसकट, आपल्या मर्यादेच्या ९० टक्क्यांवर असायची. नवी ५५ टक्क्यांवर असते. मध्येच खड्डा आला, कुत्रं आडवं आलं, हँडल जरा जास्त वळलं, तर सांभाळायला आता जागा आहे.

ब्रेकबद्दलही सरांना एक गोष्ट समजावून दिली. टॅडपोलमध्ये ब्रेक लावला की भार पुढच्या रुंद बाजूकडे जातो, त्यामुळे वळणात हलका ब्रेक राहिला तर कलंडण्याचा धोका वाढत नाही. डेल्टामध्ये उलट होतं, तिथे भार पुढच्या एकट्या चाकाकडे, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाकडे सरकतो. तरीही वेग वळणाआधीच उतरवायचा, कारण उतारावर जोरात ब्रेक दाबला तर टॅडपोलचं मागचं चाक हलकं होऊन आडवं जाऊ शकतं. दोन पुढचे ब्रेक दोन वेगळ्या लिव्हरवर होते आणि एक जास्त दाबला की ट्राइक त्या बाजूला ओढायची. आता दोन्ही एका लिव्हरवर आहेत, दुसऱ्या लिव्हरवर मागचा ब्रेक, उतारावर उभं राहताना लावून ठेवायला.

पावसाळ्याचं गणित वेगळं. कोरड्या डांबरावर टायरची पकड एवढी असते की ट्राइक घसरण्याआधी कलंडते. ओल्या रस्त्यावर, त्यातही शेवाळ धरलेल्या कडेला किंवा खाणीच्या लाल चिखलात, ती आधी घसरते. घसरणं त्यातल्या त्यात बरं वाटतं, पण घसरणारं चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेला अडलं की गाडी तिथेच उलटते. म्हणून जून ते सप्टेंबर सर फक्त सपाटीवर, तळ्याच्या बाजूने फिरतात. ट्राइकला साखळीही साध्या सायकलच्या तिप्पट लांब लागते आणि ती पुलीवरून जमिनीजवळून धावते, त्यामुळे चिखल आणि गंज दोन्ही लवकर धरते. पाइपांच्या खालच्या टोकांना पाणी निचरायला भोकं पाडली आहेत आणि आतून मेणाचा थर फवारला आहे. पाऊस संपला की आडव्या दांडीचा जोड खालून धुऊन, रंग तपासून, शंका आली तर पुन्हा डाय लावून बघायचं ठरलं आहे. ते काम मेस्तांनीच स्वतःकडे घेतलं.

साखळीतल्या एका बाईंनी तशीच ट्राइक मागितली आहे. वजन ५२ किलो, उंची सरांपेक्षा बरीच कमी, आणि त्यांना मागे भाजीची पेटी हवी आहे. माणूस हलका झाला की एकूण वजनात गाडीचा वाटा वाढतो, आणि मागची भरलेली पेटी भार पुन्हा त्रिकोणाच्या टोकाकडे ओढते. त्यामुळे सरांची मापं तशीच उचलून चालणार नाहीत. पेटी आसनाच्या दोन्ही बाजूंना, खाली, विभागून बसते का ते आधी लाकडी फळीवर आसन मांडून आणि तिन्ही काटे लावून पाहायचं आहे. पाइप त्यानंतर कापू.